डेअरीनं परत केलेल्या दुधाचा चहा

...आणि त्या चहात दूध कुठलं होतं हे मला कळलं कधी? दुसरा कप घशाखाली उतरल्यावर! पहिला नाही, दुसरा! पहिला मी भाषणाच्या आधी घेतला, घसा ओला करायला, आणि दुसरा भाषणानंतर, घसा बसला म्हणून... आणि भाषण कशावर, तर अँटिबायोटिकवर! चाळीस मिनिटं मी माईक धरून घसा फोडतेय, की बाबांनो, गाईला डोस दिला की तिचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नका... समोर अख्खा गाव बशी तोंडाला लावून माना डोलावतोय, "बराबर हाय, बराबर हाय"... आणि बशीत काय? तेच! डोस दिलेल्या गाईचं! हसू नका. तुम्हाला सांगते, हसू नका, तुमच्या घरात काय चालतं ते मला माहीत आहे!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी उगाच तापलीय.

मी धनश्री. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या अलीकडं. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं, म्हणजे गावाच्या भाषेत "ती लघवी तपासायचं शिकलीय", आणि सध्या पुण्याच्या एका संस्थेसाठी काम करते. काम काय? गोठ्यागोठ्यात जायचं, दुधाचे नमुने घ्यायचे आणि त्यातले जंतू कुठल्या औषधाला मरतात, कुठल्याला नाही, ते बघायला पाठवायचे. जगभर हा अभ्यास चाललाय हो! नोव्हेंबरात तर सगळ्या जगात जनजागृतीचा आठवडा पाळतात. मोठमोठे लोक मोठमोठ्या सभागृहांत बसून चिंता करतात... आणि आमच्या गावात ती चिंता एकटी मी करते, डेअरीच्या पटांगणात, पत्र्याखाली!

डेअरीच्याच पटांगणात का? कारण संध्याकाळी दूध घालायला सगळे येतातच. मुद्दाम बोलावलं असतं तर आलं असतं कोण? जागृती करायची तर आधी लोक जागेवर तर पाहिजेत!

आणि त्या डेअरीचे चेअरमन पुंजाराम अण्णा. माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू, पण ह्या माणसाला आयुष्यात एकच प्रश्न पडतो: "वाया कशाला घालवायचं?" डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या तीन दिवसांच्या कुठं गेल्या? देवळीत! पुढच्या तापाला. पुढचा ताप ह्यांना नाही आला, झुंबरकाकूंना आला, म्हणजे त्यांच्या बायकोला, मग तिला! तिला तर ताप नव्हताच, गुडघा दुखत होता... तरी दिल्या! का? "अगं, चांगल्या गोळ्या हायेत, वाया कशाला घालवायच्या?"

अहो, पण जंतू काय अण्णांसारखे थोडक्यात समाधान मानतात का? अर्धा मार खाल्लेला जंतू मरत नाही, तो शिकतो! तो म्हणतो, अच्छा, हे असं औषध असतं होय, आणि पुढच्या वेळी छाती पुढं काढून येतो. हे मी अण्णांना तीन वेळा समजावलं. अण्णा म्हणाले, "जंतू शिकतोय म्हणती. आमचं नातू शिकना, अन् जंतू शिकतोय!" सगळी डेअरी हसली. माझ्यावर हसली!

मला हसू येत नाही. का येत नाही ते सांगते. माझी आरती वहिनी गेल्या पावसाळ्यात बाळंत झाली. सिझर झालं. टाक्यांची जखम भरेना. एक गोळी दिली, फरक नाही. दुसरं इंजेक्शन, फरक नाही. तिसरं... नाही. नगरच्या दवाखान्यात सतरा दिवस. जखमेतल्या पाण्याची तपासणी केली, रिपोर्ट आला, मी वाचला. घरात मी एकटीच शिकलेली ना वाचायला! औषधांची ही लांबलचक यादी आणि एकेका नावापुढं लिहिलेलं की हे चालणार नाही, हे चालणार नाही, हेही नाही. सगळ्यात खाली एकच नाव राहिलं होतं. एकच! ते चाललं म्हणून वहिनी आज घरात आहे, बाळ तिच्या कडेवर आहे. ते चाललं नसतं तर? डॉक्टरांनी नुसता कागद घडी घालून दिला. गाईच्या दुधानं वहिनीची जखम चिघळली असं मी म्हणत नाही हं, असं सरळ कोणीच म्हणू शकत नाही. पण जंतू काही एका गोठ्यात किंवा एका दवाखान्यात शिकत नाही, तो सगळीकडून थोडंथोडं शिकतो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी ठरवलं, आपल्या गावातली त्याची शाळा तरी बंद करायची. कोणी हसलं तर हसलं!

म्हणून ते रजिस्टर. संस्थेनं सांगितलं होतं, गाव अभ्यासात ठेवायचं असेल तर निम्म्या गोठ्यांनी लिहून दिलं पाहिजे: डोस दिलेल्या गाईच्या गळ्यात लाल फीत, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध डेअरीला नाही, घरात नाही, शेजारी नाही, थेट खड्ड्यात! महिनाभर मी ते रजिस्टर घेऊन फिरतेय. सह्या किती? शून्य! जो तो म्हणतो, "अण्णांनी केली की आमी करतो." आणि अण्णा म्हणतात, "गाईला लाल फीत बांधून काय तिची वरात काढायची का गं? काष्टीच्या बाजारात नेली तर गिऱ्हाईक लांबूनच राम राम करंल!" अहो, फीत चार दिवसांची! चार दिवसांनी सोडायची! पण नाही.

आणि त्या संध्याकाळी सह्यांची शेवटची तारीख होती. सकाळी रजिस्टर पुण्याला जायचं होतं. म्हणून मी जीव तोडून बोलले, म्हणून घसा बसला, म्हणून दुसरा कप... आणि कप खाली ठेवते तर अजिनाथ कानाशी आला. अजिनाथ म्हणजे डेअरीत दूध मोजून घेणारा. म्हणतो, "ताई, एक सांगू का? चिडू नका. सकाळी मी अण्णांचं दूध परत केलं. तपासायच्या पट्टीत औषध दिसलं." मी म्हटलं, बरं केलंस. तो म्हणाला, "न्हाई, पन तेच दूध... चहाला आलंय."

मी वळले. अण्णा खुर्चीवर प्रसन्न बसलेले, यजमानासारखे! म्हटलं, अण्णा, हे खरं का? तर म्हणतात, "व्हय की! पंधरा लिटर दूध हुतं. पोरीचा कार्यक्रम, म्हटलं आपल्याकडनं गावाला चहा. वाया कशाला घालवायचं?"

काय करावं माणसानं? रडावं? मी रडले नाही. संस्थेनं मला त्या पट्ट्यांची डबी दिली होती, दूध तपासायच्या. ती टेबलावर आपटली आणि माईक घेतला. म्हटलं, कोणी हलायचं नाही! ही पट्टी दुधात बुडवायची, सात मिनिटं थांबायचं, दोन रेघा आल्या तर दूध स्वच्छ, एकच आली तर दुधात औषध. आणि पुढच्याच रांगेतून झुंबरकाकू केवढ्यानं म्हणाल्या, "अगं बया, दोन रेघा आल्यावर दिवस गेलेले असत्यात की!" झालं! बायका पदरात तोंड घालून हसतायत, पुरुष आभाळाकडं बघतायत, आणि मी हातात घड्याळ धरून सात मिनिटं उभी! सात मिनिटं किती मोठी असतात, तुम्हाला सांगते, अख्ख्या गावासमोर उभं राहून बघा एकदा!

अण्णांच्या उरलेल्या दुधात पट्टी बुडवली. एक रेघ. मी पट्टी उंच धरली. म्हटलं, हे तुम्ही सगळ्यांनी प्यालंय. मीसुद्धा.

आता मला वाटलं लोक घाबरतील. छे! लोकांना भलताच चेव आला. "माझं बघ गं!" "आमचं आधी, आमी लाईनीत हुतो!" जो तो आपला कॅन पुढं ढकलतोय, जशी काय बैलांची शर्यत! दोन रेघा आल्या की तो माणूस पट्टी हातात धरून गावभर मिरवतोय. एकाला एक रेघ आली तर म्हणतो, "पट्टीच वल्ली हाय!" अहो, दुधात बुडवल्यावर ओलीच असणार ना! डबीत शेवटची पट्टी राहिली आणि अण्णा खुर्चीतून गरजले, "आता हिच्या बापाचं बघा!"

बघा की, म्हटलं. माझ्या घरचं दूध! मी ताठ मानेनं आप्पांच्या कॅनमध्ये, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पट्टी बुडवली. एक मिनिट. चार मिनिटं. आप्पा जमिनीकडं बघायला लागले. सात मिनिटं.

एक रेघ.

"आप्पा?" मी म्हटलं. आप्पा पुटपुटले, "दुपारी तांबडी गाईच्या सडात औषध सोडलं. दगडी झालीय तिला, कास सुजलीय... अण्णांकडं अर्धी ट्यूब उरली हुती..." आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्या जन्मदात्या बापानं खाली मान घालून तेच वाक्य म्हटलं, "...म्हटलं, वाया कशाला घालवायची."

अख्खं पटांगण हसलं. अण्णा तर मांडीवर थापा मारून! "आधी घर जागं कर, धने, मंग जग!" आणि त्या हसण्यात वहिनी बाळाला घेऊन पुढं आली. ती कधी बोलत नाही चारचौघांत. म्हणाली, "आप्पा, आज रात्री मी ह्याच दुधाचा ग्लास प्याले असते."

एवढंच. हसणं बंद झालं. अण्णांची थाप हवेतच राहिली.

मला लाज वाटली का? वाटली. पण लाज वाटली म्हणून रजिस्टर मिटायचं का? मी ते उघडलं, एक नंबरला आप्पांचं नाव लिहिलं, पेन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पहिली फीत आपल्या तांबडीला, आत्ता. आप्पांनी सही केली. आणि मग? अण्णा ताडकन उठले! "एक नंबरला तुझा बाप? चेअरमन कोन हाय हितं?" आणि त्या माणसानं, शपथेवर सांगते, एक नंबरच्या वर, जिथं जागाच नाही, समासात, आडवी सही ठोकली! मागोमाग सगळी रांग. निम्मे काय घेऊन बसलात, बत्तीस गोठे झाले! जनजागृती, संशोधन, माझी चाळीस मिनिटं, सगळं एका बाजूला, आणि अण्णांचा पहिला नंबर एका बाजूला. असू दे. सही ती सही!

आता तुम्ही म्हणाल, जिंकलीस की. थांबा. सही केल्यापासून अण्णा जे बदललेत... कडक! इतके कडक की मीही नाही! फीत बांधल्यापासून मोजलं तर चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला तांबडीची मुदत संपत होती. आप्पा पावणेसहाला कॅन घेऊन डेअरीत गेले. अण्णांनी कॅनवर हात ठेवला. "सहा वाजलेत का?" आप्पा म्हणाले, अहो, पंधरा मिनिटं! "चार दिवस म्हंजे चार दिवस. धार कवा काढली? मुदतीच्या आधी. खड्ड्यात!"

आप्पांनी भरला कॅन आणून माझ्या पुढ्यात ठेवला. आईनं कपाळाला हात लावला. मी कॅन उचलला, खड्ड्यापाशी गेले, तिरपा केला... आणि कुंपणापलीकडं झुंबरकाकू उभ्या. तोंड उघडलेलं. मी एक हात वर केला. म्हटलं, काकू, पाया पडते, ते वाक्य म्हणू नका.

"म्हनत न्हाई गं बाई," काकू म्हणाल्या, "आमचं मालक चेअरमन हायेत, म्या कशाला म्हनू? ...नुसतं पातेलं आनलंय."