फ्रिजमधला सुती दोरा

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी तिथेच होतो. इंदिरानगरच्या आमच्या वहिनी लेकीच्या मुलीच्या बारशासाठी गोधडी शिवत होत्या. गोधड्या शिवायचं लाँगआर्म मशीन, पलंगाएवढं. विहीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "बाळाच्या गोधडीत दोरा सुतीच हवा. दुसरा दिसला तर मी स्वतः उसवीन."

आणि मार्चच्या कोरड्या हवेत सुती दोरा वीतभर शिवला की तटकन तुटायचा. बारसं उद्यावर, वहिनी रडकुंडीला आलेल्या.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "दोरा वाळलाय गं. ओल्या फडक्यात गुंडाळून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव."

ठेवला. संध्याकाळी मशीन असं पळालं, की माझ्या सदऱ्याची बाहीसुद्धा गोधडीला शिवून मोकळं झालं.

बारशाला विहीणबाईंनी टाके चाचपले, दोरा निरखला, मान डोलावली. मग गोधडी नाकाशी नेली. रीळ फणसाच्या उघड्या डब्याशेजारी ठेवलं होतं, हे वहिनींना तेव्हा आठवलं.

विहीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आम्हाला अजून पानं वाढली नाहीत, आणि बारा दिवसांच्या पोरीला फणस भरवूनही झाला?"