मधोमधचं घर

कुणाचा विश्वासच बसत नाही हो माझ्यावर! एकाचाही नाही! मी म्हणते, गाडी माझ्या घराखालून जाते, गॅलरीला अंग घासून जाते, टपावर कुणाची सायकल बांधलीय नि कुणाचं गाठोडं तेसुद्धा मला वरून दिसतं, आणि तरी त्या गाडीत बसायला मला आधी उलट्या दिशेनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं... तर ऐकणारा असा बघतो माझ्याकडे, जसं काही बाईला ऊनच लागलंय! "अहो, मग घराखालीच बसा की!" काय अक्कल! हे मला सुचलं नसतं बघा, तुमची वाट बघत बसले होते मी! गाडी थांबत नाही ना तिथं! थांबते, पण थांबत नाही... आता हे कसं सांगू तुम्हाला? बसा. पहिल्यापासून सांगते.

मी दवाखान्याच्या धुलाईघरात आहे. मोठा दवाखाना, चादरींचे डोंगर, वाफेच्या इस्त्र्या, आणि आत शिरलं की माणूस उकडून निघतो. आठवड्याचे सहा दिवस मी परक्या माणसांच्या चादरी धुते. आणि सातव्या दिवशी, सुट्टीच्या, म्हातारीकडे जायची. म्हातारी म्हणजे माझी आई. शहराबाहेर लहानशा गावात, सायकलवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. जन्मभर शिंप्यांच्या शर्टांना काज-बटणं करून डोळे घालवले. सुईत दोरा ओवायला मी लागायची तिला. आठवडाभराच्या सुया मी सुट्टीच्या दिवशी दोरे ओवून, उशीला टोचून ठेवायची. काम कधीच सुटलं होतं, कुणी द्यायचं नाही, पण सुई लागायची. सवय!

तर आमची जुनी इमारत पाडायला निघाली आणि नवी खोली बघायची वेळ आली. आम्ही दोघंच. नवरा माझा रंगारी. त्याचं बरं असतं, आज या भिंतीवर, उद्या त्या. त्याला जवळचं-लांबचं काही नाही, शिडी खांद्यावर टाकली की निघाला. तो म्हणाला, "तुझ्या धुलाईघराजवळ घेऊ, रोजची दगदग वाचेल." मी म्हटलं, "मुळीच नाही! म्हातारीच्या गावाला घ्यायची. रोजची दगदग मी बघून घेईन, माझे पाय आहेत, तुझे नाहीत." तो म्हणाला, "अगं, रोज एवढ्या लांब कामाला..." मी म्हटलं, "रंगाऱ्या, भिंती रंगव. मला नको रंगवूस." झालं! पक्कं! मी म्हटलं म्हणजे पक्कं, आमच्याकडे तशीच पद्धत.

आणि मग पुढच्या सुट्टीला तो माझ्याबरोबर म्हातारीकडे आला. मी खाली पाणी भरायला गेले, हे दोघं वर बसलेले. वर आले तर दोघंही भिंतीकडे बघतायत. मी म्हटलं, काय झालं? म्हातारी म्हणाली, "काही नाही, जावईबापू म्हणतायत रंग उडालाय." आणि दोन दिवसांनी हा माणूस खोली ठरवूनच आला! ना धुलाईघराजवळ, ना म्हातारीजवळ. "दोन्हीकडून सारखंच पडेल," म्हणे. "अगदी मधोमध!"

काय तर म्हणे, मधोमध!

दलालानंसुद्धा काय गोड गळा काढला... "ताई, मोक्याची जागा! इकडं जा नाहीतर तिकडं जा, सारखंच!" अरे, सारखंच म्हणजे सारखंच लांब ना! दोन घरचा पाहुणा उपाशी, एवढं तर मला चौथीत शिकवलं होतं. तुम्हाला म्हणून सांगते, मधे राहणाऱ्याला काय मिळतं? उभं राहायला मिळतं! शहरातली बस सुटते तिथं लोक बसून घेतात, माझ्यापाशी येईस्तोवर ती अशी ठासून भरलेली असते की मी पायरीवर एक पाय नि दुसरा पाय देवाच्या भरवशावर! तशी लोंबकळत मी कामाला जायची. आमची इस्त्रीवाली म्हणायची, "आलीस का गं? की अर्धीच आलीस?"

हे रोजचं. आता सुट्टीचं ऐका.

म्हातारीच्या गावाची गाडी सुटते कुठून? मोठ्या स्टँडवरून. आणि स्टँड कुठं? माझ्या धुलाईघराच्या मागच्या भिंतीला लागून! हसा, हसा! म्हणजे सहा दिवस ज्या रस्त्यानं लोंबकळत कामाला जायचं, सुट्टीच्या दिवशीही त्याच रस्त्यानं लोंबकळत स्टँडला जायचं, तिथं गाडीत बसायचं, आणि मग ती गाडी मला घेऊन कुठून जाणार? माझ्याच घराखालून! मी खिडकीत, आणि वर गॅलरीत आमचा रंगारी चहाचा कप घेऊन उभा, हात हलवतोय! नुकताच सकाळी निरोप दिलेल्या बायकोला पुन्हा निरोप! काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं, पण इथं कळसाच मला काखेत मारून चाललेला!

बरं, गाडी तिथं थांबते. खालीच सिग्नल आहे ना, लाल झाला की चांगली थांबते. दार मात्र उघडत नाही. मी एकदा आतून उठून कंडक्टरला विचारलं, की बाबा, पुढच्या खेपेला मी इथं खालीच उभी राहीन, घे मला आत. तो दातांत पेन्सिल धरून म्हणाला, "बाई, गाडी थांबली म्हणजे थांबा होत नाही." मी म्हटलं, "मग काय होतं?" म्हणाला, "खोळंबा होतो." ऐकलंत? वर माझ्याकडून पुऱ्या अंतराचं तिकीट! माझ्या घरापर्यंतचं अंतरसुद्धा मीच भरायचं!

एकदा तर म्हातारीचं डोळ्यांचं औषध टेबलावरच राहिलं. आठवलं कधी? गाडीत बसल्यावर. मी फोन केला रंगाऱ्याला, म्हटलं, गाडी खाली येतेय, काहीतरी कर! आता दुसरा कुणी असता तर धावत खाली आला असता. हा रंगारी! यानं काय करावं? रंगाच्या रिकाम्या डब्यात बाटली घातली, डब्याला उंच भिंती रंगवायच्या झुल्याची लांबलचक दोरी बांधली, आणि गॅलरीतून डबा खाली सोडला, थेट माझ्या खिडकीपाशी! सगळी गाडी बघतेय. मी डबा धरला आणि मेला सिग्नल हिरवा झाला! गाडी निघाली. मी ओरडते, "दोरी सोड!" तो ओरडतो, "डबा सोड!" ड्रायव्हर ओरडतो, कंडक्टर ओरडतो, आणि आमचा माणूस दोरी काही सोडेना, निम्मा गॅलरीबाहेर! शेवटी सोडली एकदाची. ती अख्खी दोरी गाडीच्या मागं शेपटासारखी लोळत लोळत म्हातारीच्या गावापर्यंत आली!

म्हातारी इतकी हसली... डोळे पुसत म्हणाली, "जावईबापूंना ठेवून घे हो, असा मिळायचा नाही." तो डबा तिनं घासून पुसून ठेवला. निळ्या रंगाचे ओघळ काही गेले नाहीत. त्यात ती कपड्यांचे चिमटे ठेवायची.

मी पोचायची दुपारी. परतीची गाडी उजेड असतानाच. मधे राहिलं काय? ओंजळभर वेळ. त्यात तिचं आठवड्याचं धुणं धुवायचं, सुया ओवायच्या, शेजारच्या नर्सबाईंना विचारायचं रात्री खोकते का, आणि निघायचं. म्हातारी म्हणायची, "बस की गं घडीभर. तू आलीस की मला नुसता पाण्याचा आवाज ऐकू येतो." मी म्हणायची, "घर मधोमध आहे माझं, बसायला वेळ कुठून आणू? तुझ्या जावयाला विचार!"

आणि मग काय सुरू झालं, मी पोचायच्या आतच धुणं दोरीवर! बरं, कसं धुतलेलं? कॉलर तशीच मळकी, शिवणीत साबण साठलेला, पिळायला हातात बळ नाही म्हणून खाली पाण्याचं तळं. माझ्या डोळ्यांना ते दिसणार नाही का? पोट त्यावरच भरते मी! मी म्हणायची, "कुणी सांगितलं होतं?" ती म्हणायची, "हात मोकळे होते." मी ते सगळं काढून पुन्हा धुवायची. ती बघत बसायची. नीट दिसायचं नाही, तरी बघायची.

घरी येऊन मी रंगाऱ्याच्या डोक्यावर सगळं ओतायची. तुझ्यामुळं! तुझ्या त्या मधोमधमुळं! म्हातारीजवळ असते तर रोज संध्याकाळी तिचं बघितलं असतं! तो आपला हातावरचा रंग घासलेटनं पुसत बसायचा. जो कधीच निघायचा नाही तो रंगसुद्धा पुसत बसायचा. मला आणखी चीड! अरे, भांड तरी! वर्षानुवर्षं मी एकटीच भांडले बघा त्या घरात.

मग एक दिवस मी कामावरून आलेली, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, नर्सबाईंचा फोन. "ताई, निघा. आत्ता." पुढं काही नाही. मी जिना उतरले कशी ते मला ठाऊक नाही. स्टँडला जायचं म्हणजे आधी उलटं, मग सुलटं... आणि बघते तर समोर तीच गाडी! लाल सिग्नलला उभी! मी दारासमोर जाऊन नुसती उभी राहिले. हात आपटला नाही, ओरडले नाही. मी, हो! आतून त्याच कंडक्टरनं बघितलं. पेन्सिल दातातच. आणि दार उघडलं.

उघडलं हो! त्यानं स्वतःची दाराजवळची जागा दिली मला. मागून रंगारी माझी पर्स घेऊन, रंगाच्या हातांनी, चढला. कुणी ओरडलं नाही, की हा थांबा नाही म्हणून.

निम्म्या वाटेत फोन वाजला. रंगाऱ्यानं घेतला. नुसता "हो, हो" म्हणाला आणि खिशात ठेवला. मी खिडकीबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना नुसता रस्ता. मागं माझं घर, पुढं तिचं...

मधोमध. काय तर म्हणे, मधोमध.

गेलो तर मोरीत बादली तशीच. शेजारी निळ्या ओघळांचा डबा. दोरीवर अर्धं धुणं लावलेलं, अर्धं बादलीत. नर्सबाई म्हणाल्या, "बादलीपाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. सुट्टीचा दिवस जवळ आला की त्यांची हीच घाई. लेक येईल, लेक येईल, तिच्या हाताला काही उरायला नको."

मी ते उरलेलं पिळलं. वाळत घातलं. मग दोरीवरचं काढून पुन्हा धुतलं. कॉलर मळकी होती.

सगळं आवरून परत आलो, आणि मी तोंड सोडलं रंगाऱ्यावर. जे साठलं होतं ते सगळं. मधोमध, मधोमध, मधोमध! आणि पहिल्यांदा तो माणूस बोलला. म्हणाला, "मधोमध माझं नव्हतं गं. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, त्या दिवशी, तू पाणी भरायला गेलीस तेव्हा. म्हणाली, 'जावईबापू, तिला माझ्याजवळ आणू नका. सहा दिवस लोकांचं धुते, सातव्या दिवशी येऊन माझं धुते. जवळ आली तर रोज धुवेल. कामाजवळ घर घ्या, तिथं स्टँडही आहे, यायलाही सोपं. आणि माझं नाव सांगू नका, नाव ऐकलं की ती हट्टानं इकडंच येईल.'"

मी म्हटलं, "मग घ्यायचं होतंस कामाजवळ!"

तो म्हणाला, "तुला तिच्या गावाला हवं होतं, तिला तुझ्या कामाजवळ. तुम्हा दोघींपैकी एकीलाही नाही म्हणायची हिंमत माझ्यात होती का? निम्मं तुझं ऐकलं, निम्मं तिचं."

घ्या! म्हणजे ते घर धुलाईघराच्या आणि म्हातारीच्या मधोमध नव्हतंच कधी. तिच्या हट्टाच्या नि माझ्या हट्टाच्या मधोमध एका गरीब रंगाऱ्यानं शिडी लावली होती, आणि इतकी वर्षं त्या शिडीवर उभा राहून माझ्या शिव्या खात होता.

आता गंमत ऐका. त्या दिवसापासून कंडक्टरला सवयच लागली. सिग्नल लाल झाला की दार उघडतो. खालच्या मजल्यावरची सून आता तिथूनच बसते आणि ऐटीत माहेरी जाते. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्याच जातात. आणि दार लावायच्या आधी तो वर बघतो, माझ्या गॅलरीकडे. खूण करतो, येताय का? मी चिमट्यांचा डबा हातात घेऊन उभी असते, आमचंच धुणं वाळत घालत. मान हलवते, नाही. जा बाबा. खोळंबा करू नकोस.

रंगारी म्हणतो, दुसरीकडे घेऊ खोली, म्हणशील तिथं. कशाला? आता कुठूनही सारखंच लांब आहे.

पण इतकी वर्षं रोज उठून कुणाला तरी बोल लावायची तोंडाला सवय लागलीय, ती सुटते होय? दलालाला बोलून झालं, कंडक्टरला बोलून झालं. रंगाऱ्याला आता बोलवत नाही. मग चिमटे लावता लावता जिच्यामुळं हे सगळं झालं तिचंच नाव घेते, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं... आई!