ओढ्याकाठच्या काड्या

नाही, सही नाही करणार मी — आधी ऐका. ‘काड्या डोंगरमाथ्यावरच्या होत्या’ असं छापलंय तुम्ही इथे. कोणी सांगितलं? लाझरनं? सांगणारच. धाकटा भाऊ माझा, आई गेल्यावर या हातांनी वाढवला त्याला. वनचौकीवर लागला तेव्हा गावभर खजूर मीच वाटले.

काम काय होतं? सोपं. उन्हाळाभर रोज सकाळी तो रानातल्या वाळक्या काड्या आणायचा, मी शंभर ग्रॅम मोजून भाकऱ्या झाल्यावरच्या निवत्या भट्टीत ठेवायची, पुन्हा वजन करायची. वीस ग्रॅम घटले तर रान ओलं, सात-आठच घटले तर — त्या दिवशी आगकाडीसुद्धा ओढायची नाही कोणी. का, विचारता? अहो, तुम्ही वनखात्याचे ना? ओलं लाकूड पेटवून बघा चुलीत. आग आधी पाण्याशीच झगडत बसते, त्याची वाफ करण्यातच तिचा जीव जातो, पाणी सरेस्तोवर लाकूड म्हणून तापत नाही. सुक्यात झगडायला कोण आहे? — कोणी नाही. माझा आकडा लाझर चौकीच्या फळ्यावर लिहायचा, आणि पार ऐन द्राहम गावापर्यंतची माणसं त्या फळ्यावर विसंबायची.

त्या दिवशी शहिली सुटून तिसरा दिवस. दक्षिणेचा तो वारा — ओठ फुटतात, दारं तडकतात. आणि लाझरच्या काड्या हाताला गार! वाकवली तर वाकली, मोडेना. मी म्हटलं, “कुठून रे आणल्यास?” “माथ्यावरून, ताई.” डोळ्याला डोळा न भिडवता. वजन केलं, बावीस घटले. तराजू खोटं बोलत नाही साहेब, त्याच्यात घातलं तेच तो सांगतो. फळ्यावर लागलं, ‘ओलं’. आणि दुपारी लाझरच्या होणाऱ्या सासऱ्यानं आपला उतार साफ करायला जाळ लावला — परवानगीनं! फळाच तसं म्हणत होता ना. मुलगी हवी तर त्या दिवशी फळ्यावर ‘ओलं’ लागू दे, असं सांगितलं होतं त्यानं लाझरला. हे मला नंतर कळलं.

तीजानी, माझा नवरा, वरच्या रानात बुचाच्या झाडांची साल काढत होता. वाऱ्यानं तो जाळ तिथवर चढवला. जिवंत आला. हात मात्र — तुम्ही बघितलेत आत. कुऱ्हाड सोडा, चमचा धरवत नाही. आणि लाझर रोज येतो, त्याच्या उशाशी बसून रडतो, तीजानी त्यालाच धीर देतो! म्हणतो, “तुझा काय दोष, वारा फिरला.”

मला कळलं नव्हतं? — नव्हतंच. म्हणजे... त्या जुडीत एक पान होतं. कण्हेरीचं. माथ्यावर कण्हेर कुठली? ती ओढ्याच्या पाण्याकाठीच. मी ते बघितलं साहेब. बघितलं, भट्टीत टाकलं. म्हटलं, पोराचं लग्न जमतंय, एका दिवसानं काय होतं. तेवढ्यात दारातून तीजानीनं विचारलं, “हुरिया, काय निघालं आज?” आणि मी — मी म्हटलं, “ओलं आहे. जा.”

असं बघू नका माझ्याकडे. लिहा. ओढा लिहा, कण्हेर लिहा, भावाचं नाव लिहा. आणि माझं ते ‘जा’ — ते पण लिहा. काय? त्याला रकाना नाही?

मग उठा. गुंडाळा ते कागद. नाही, चहा नाही मिळणार. जाताना फाटक ओढून घ्या.