सायलेन्सरमधल्या बोळ्याबाबत

मी, घड्याळवाल्यांची बायको, वय ५८ वर्षे, धंदा घरी शिवणकाम, राहणार बस थांब्यासमोर, दुसरा मजला. मला कोणी पकडून आणलेलं नाही, मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझे यजमान थांब्याला लागून असलेल्या टपरीत घड्याळं दुरुस्त करतात. विडी-सिगारेटला जन्मात हात लावला नाही. तरी गेल्या वर्षी झटका आला, हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, गाड्यांच्या धुराचे बारीक कण रक्तात उतरतात, नळ्या खराब करतात. तिथे बसायचं तर मास्क हवाच. पण मास्क लावला की कामाच्या वेळी डोळ्याला लावायच्या भिंगावर वाफ धरते, स्क्रू दिसत नाही. म्हणून हे मास्क हनुवटीला लावतात. हनुवटीत कुठलं हृदय, हे विचारून मी थकले.

रोज सकाळी साडेनऊची बस वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी असते. धूर थेट टपरीत. ड्रायव्हरला मी सात वेळा हात जोडले. तो म्हणतो, "मावशी, बंद केली तर धक्का मारावा लागतो. मला काय हौस आहे?" मला ही थाप वाटली.

आज नऊ पस्तीसला तो चहाला गेल्यावर मी ओल्या चादरीचा बोळा सायलेन्सरमध्ये कोंबला आणि शिवणाच्या लाकडी पट्टीने आत ढकलला. इंजिन गचके खाऊन बंद पडलं. कंडक्टरने बोळा ओढून काढला, तरी चालू होईना. थाप नव्हती.

प्रवासी धक्का मारायला उतरले. सगळ्यात पुढे आमचे हे! मी ओरडले, "अहो, बाजूला व्हा!" हे म्हणाले, "अगं, लोकांचा खोळंबा होतोय." बस चालू झाली आणि हे फुटपाथवर बसले, घामाघूम, छातीला हात. मीच मारलं यांना असं वाटलं, तेही लिहा.

ड्रायव्हरने त्यांना त्याच बसने दवाखान्यात नेलं, मधे कुठे थांबला नाही. ईसीजी चांगला आला, नुसता दम लागला होता. तिथून त्याच बसने सगळे इथे आलो. हे बाहेर बाकावर बसले आहेत, मास्क हनुवटीला.

ड्रायव्हरची मी माफी मागते, बसची नाही. बस आत्ता ठाण्याच्या खिडकीखाली उभी आहे, इंजिन चालू.

जबाब मला वाचून दाखवला. वाचताना साहेब चार वेळा खोकले, मग खिडकी लावून घेतली. मजकूर मी सांगितला तसाच आहे. जप्तीत एकच बोळा दाखवला आहे, तेही बरोबर आहे. दुसरा माझ्या पिशवीत आहे. साहेब म्हणाले, तो असू द्या.