कौलांवरच्या सुपाऱ्या

विघ्नेश्वर : तर शुक्रवारी सकाळी सिर्सीचा मांत्रिक येतोय, भावोजी. तुम्ही फक्त फणसाखालची जागा झाडून ठेवा.

तिम्मप्पा : फणसाचं काय काम?

विघ्नेश्वर : खोडात खिळा ठोकणार. अक्काला तिथं बांधायचं, म्हणजे ती घरात यायची नाही.

तिम्मप्पा : हे सगळं नागवेणीच करते, असं कुणी ठरवलं?

विघ्नेश्वर : अख्ख्या गावानं. दिवाळीत ती गेली, संक्रांतीपासून तुमच्या कौलांवर सुपाऱ्या पडतात, भांडी आपटतात. माझी सख्खी बहीण ती. मला काय बरं वाटतं?

तिम्मप्पा : काल ओसरीवर चौदा माणसं होती. त्यांना द्यायला धने-जिऱ्याचा कषाय दोनदा उकळावा लागला.

विघ्नेश्वर : भूत बघायला येतात ती.

तिम्मप्पा : बसली की तिच्याच आठवणी काढतात. सुपारी सोलायला सगळे इथं जमायचे, आठवतं? ती गोष्ट सांगायला लागली की विळ्या थांबायच्या. मग म्हणायची, हात चालवा, नाहीतर राजकन्येचं लग्न राहिलं. सोलायचं यंत्र आलं आणि ते संपलं. तेराव्यानंतर तर पायरीसुद्धा कुणी चढलं नाही. शेजारचं घर दीड मैलावर.

विघ्नेश्वर : खरं आहे. पण आता त्याचं काय?

तिम्मप्पा : पहिली सुपारी मी टाकली.

विघ्नेश्वर : कुठे?

तिम्मप्पा : कौलांवर. दुपारी एकटाच परसात बसलो होतो, उगाच भिरकावली. सुब्राय वाटेनं चालला होता. आवाज ऐकून आत आला, तासभर बसला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना घेऊन आला.

विघ्नेश्वर : आणि भांडी?

तिम्मप्पा : तीही मीच.



विघ्नेश्वर : अक्का भटकतेय, असं मी आईला सांगून बसलो. नव्वदीची बाई, दोन दिवस जेवली नाही.

तिम्मप्पा : ते माझ्या ध्यानातच आलं नाही रे.

विघ्नेश्वर : लोकांना कळलं तर हसतील. मग परत कुणी यायचं नाही इथं.

तिम्मप्पा : माहीत आहे. पण तिच्या नावानं खिळा ठोकू द्यायचा नाही. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगेन.

विघ्नेश्वर : शुक्रवारचं शुक्रवारी. आत्ता माझ्याबरोबर चला. आधी आईला सांगा.

तिम्मप्पा : शिव्या घालील मला.

विघ्नेश्वर : घालू देत. अक्का गेल्यापासून ती कुणाशी धड बोललेली नाही.