भरलेली बाटली

तुम्ही विमानाच्या बॅगेत बाटल्या भरायचा विषय काढलात म्हणून सांगते. पंचाहत्तर सालच्या आसपास आमची अक्का लग्न होऊन अमेरिकेला निघाली. सोलापुरात आमच्या गल्लीतून विमानात बसणारी ती पहिलीच. दाजींनी पत्रात बजावलं होतं, "तेलाची बाटली अर्धीच भरा. विमानात तेल बाहेर येतं."

आईनं घरी कढवलेलं माक्याचं तेल पार बुचापर्यंत भरलं. शिकेकाईची पुडी, काजळाची डबी, कुंकू आणि ती बाटली, सगळं साड्यांच्या घड्यांत बसवलं.

मी म्हटलं, "आई, अर्धीच भरायची की!"

"सासरी निघालेल्या लेकीला अर्धी बाटली देऊ व्हय? भरलेलीच द्यायची असती."

व्हायचं तेच झालं. अक्काचं चिडून पत्र आलं, "निळी इरकल तेलात भिजली. ह्यांचं ऐकायला काय झालं होतं?" आईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढच्याच उन्हाळ्यात आई गेली. अक्काला येता आलं नाही.

तीन वर्षांनी ती आली. बॅग उघडली तर वरच ती निळी इरकल, तेलाच्या डागासकट.

"अगं, अजून डाग निघाला नाही व्हय?"

"एकदा धुतली तेव्हा डाग जरा फिका झाला," अक्का म्हणाली, "आणि वासपण. मग आई गेल्याची तार आली. त्यानंतर पाण्यात घातलीच नाही."