मागचा काळोख जरा उजळवा

मूर्ख मीच हो — मीच नाही का तुम्हाला म्हणाले, मागचा काळोख जरा उजळवा, माझे केस त्यात बुडालेत? परवाच कलप लावलेला, वाया कशाला घालवायचा! दुःखाचे फोटो काढायचे आणि तेही कलप लावून — हसा, हसा. नाही, प्रिंटमध्ये काहीच चुकलेलं नाही. तुमचं काम चोख आहे. तेच तर. केसाने गळा कापतात म्हणतात ना, माझा माझ्याच केसांनी कापला.

ही बघा मी. मुठीवर गाल टेकलेली. ही माझी बसायची पद्धत नाही हां, आईची. आई गेली तेव्हा मला रडूच येईना — आल्यागेल्याला चहा देत फिरत होते. बायका म्हणाल्या, थोरली दगडाची आहे. मग दोन महिन्यांनी हे सुरू झालं — खिडकीपाशी स्टूल ओढायचं, कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि आईसारखं बसायचं. त्या दहा सेकंदांत येतं बघा रडू. आणि ब्लॅक अँड व्हाइटच — रंगीतमध्ये पडदेच फार बोलतात, माझ्यासारखे.

एरवी घरात कुणी नसतानाच काढते. त्या रविवारी मात्र दोघं होते — माझी धाकटी बहीण आणि आमचे हे. म्हणाले, तू काढ, आम्ही स्वयंपाकघरात बसतो, आवाजसुद्धा करणार नाही. आणि केला नाही हो! शब्दाचे पक्के.

आता मागे दाराच्या फटीत बघा. मुठीवर गाल, ओठ लोंबवलेले — हे आमचे हे. नकला छान करतात, ऑफिसात बक्षीस मिळालंय. आणि तोंडात रुमाल कोंबून वाकलीय, ती धाकटी. माझी नक्कल करा हो, मी आहेच तशी. पण ही मूठ आईची — तिला ओळखू येऊ नये? तिचीही आईच ना? वर रोज मला — काय भाव पकडतेस गं ताई, काळीज हलतं! प्रदर्शनाला दे म्हणून तीच मागे लागली. अर्ज यांनी भरला.

आणि खरं सांगू — राहू दे. नाही, सांगतेच. हे कुणाला इतकं हसवू शकतात, हे मला या प्रिंटवरून कळलं. वीस वर्षांत माझ्यासमोर कधी — जाऊ दे ना.

कापा तो कोपरा. शनिवारी प्रदर्शनाला दोघं फुलं घेऊन येणार, यांचं अख्खं ऑफिस येणार, उगाच शोभा नको. कापा — नको, थांबा. ठेवा ते कटर खाली. तिथून कापलं तर माझा खांदाही जातो. त्यांच्यापायी मी का अर्धी होऊ? असाच लावा. अगदी दारासमोर, उजेडात. बघू देत स्वतःला. खाली चिठ्ठी लिहा — ‘मीच काढलेला माझा फोटो’. झालं. काय? बोला की, मघापासून मीच बोलतेय.

“चिठ्ठी बदलावी लागेल, ताई. तिघं आहेत. हा ग्रुप फोटो झाला.”